वाचकांचे प्रश्न : नाल्यातली पन्नी जाते कुठे?

मृग जवळ आला की नालेसफाई सुरू होते. काठावर काळ्या गाळाचे ढीग लागतात आणि त्यांतून पन्न्यांची, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांची, टोकं डोकावत असतात. प्लास्टिकबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं आवरती घेतली आहेत, विचारणं मात्र वाचकांचंच आहे.

प्रश्न : आपण देशाच्या अगदी मधोमध राहतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी 'नागपूरचं प्लास्टिक समुद्रात जातं' असं मुलांना शाळेत सांगतात. हे खरं आहे का? (महाल)

उत्तर : वाट आहे, एवढं नक्की. नाग नदी अंबाझरी तलावाकडून निघते, शहरातून सतराएक किलोमीटर वाहते, पूर्वेला पिवळी नदीला सोबत घेते आणि कन्हानला मिळते. कन्हान कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. पुढे गोसीखुर्द धरण, मग पवनी, ब्रह्मपुरी, मार्कंडा. चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळाली की तिची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात.

पण वाट आहे म्हणून प्रत्येक पन्नी शेवटपर्यंत पोचते असं नाही. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा जगभराचा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला ८ लाख ते २७ लाख टन, आणि त्यातलं ८० टक्के हजाराहून थोड्या जास्त नद्यांमधून. त्यात मोठमोठ्या नद्यांपेक्षा किनाऱ्यालगतच्या शहरांतल्या लहान नद्यांचा वाटा मोठा निघाला. कचरा समुद्रापासून जितका लांब पडतो, तितका तो वाटेतच अडकण्याचा संभव जास्त. म्हणजे नागपूरचं बरंचसं प्लास्टिक विदर्भातच थांबतं. यात समाधान मानण्यासारखं काही नाही, कारण ते थांबतं म्हणजे आपल्याच गाळात, आपल्याच धरणात आणि पूर ओसरल्यावर आपल्याच शेतात.

ते कुठे थांबतं हे प्लास्टिकच्या जातीवर ठरतं. घरी बादलीत करून बघा. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं, घनता साधारण १.३८ (पाण्याची १). झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेमुळे तरंगते आणि दूर जाते. झाकण नसलेली बाटली पाणी भरून तळाशी बसते. झाकण मात्र सुटं पडलं तरी तरंगतं, कारण ते वेगळ्या, हलक्या प्लास्टिकचं असतं. पन्नीची घनता ०.९२ च्या आसपास, म्हणून नवी पन्नी वर राहते. चार-सहा आठवड्यांत तिच्यावर शेवाळ धरतं, घडीत माती शिरते आणि तीही बुडते. नाहीतर काठच्या बेशरमाच्या झुडपांना गुंडाळून बसते. पूर ओसरल्यावर नाग नदीच्या काठचं बेशरम बघा. पाणी कुठवर चढलं होतं ते फांद्यांवरच्या पन्न्यांच्या रांगेवरून हातभराच्या फरकानं सांगता येतं.

असं अडकलेलं प्लास्टिक संपत नाही. उन्हानं ठिसूळ होतं, तुकडे पडतात, तुकड्यांचे कण होतात. पाच मिलिमीटरहून बारीक कणाला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. पुढच्या मोठ्या पुरात जुनं अडकलेलंही उचललं जातं आणि एक मुक्काम पुढे सरकतं. म्हणून अडवायचं ते पहिल्या मुक्कामाच्या आधी, प्लास्टिक कोरडं असताना. कोरड्या प्लास्टिकला गिऱ्हाईक असतं, चिखलानं माखलेल्याला नसतं.

प्रश्न : आमच्याकडे रोज दुधाच्या दोन पिशव्या रिकाम्या होतात. धुऊन ठेवल्या तरी वास येतो, आणि कबाडी म्हणतो एवढ्याशा नको. कचरागाडीत टाकून मोकळं व्हावं का? (प्रतापनगर)

उत्तर : ताई, टाकू नका. दुधाची पिशवी हे घरातल्या पातळ प्लास्टिकमधलं सगळ्यात चांगलं प्लास्टिक. एकाच जातीचं, स्वच्छ आणि बऱ्यापैकी जाड.

पहिली गोष्ट कापण्याची. कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, एक बोटभर चीर द्यायची आणि तो तुकडा पिशवीलाच लागून राहू द्यायचा. कापून सुटा पडलेला नखाएवढा त्रिकोण सिंकमधून थेट नालीत जातो. सफाई कामगाराला तो वेचता येत नाही आणि कबाड्याला मोजता येत नाही. रोज दोन म्हणजे वर्षाला एका घरातून सातशेच्या वर त्रिकोण.

वास येतो तो पाणी कमी पडल्यामुळे नाही, उशीर झाल्यामुळे. दुधाचा थर वाळला की चिकटतो. दूध ओतल्याबरोबर पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून चीर धरून हलवा. ते पाणी दुधाच्या पातेल्यातच किंवा कुंडीत जाऊ द्या. मग पिशवीची एक बाजू वरून खालपर्यंत उभी कापून ती कागदासारखी उघडा, दुसऱ्यांदा विसळा आणि दोरीवर चिमट्यानं उलटी टांगा. न उघडता टांगलेल्या पिशवीच्या तळाच्या घडीत थेंब राहतो आणि तिथूनच वास सुटतो. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात वाळते, पावसाळ्यात घरात पंख्याखाली दिवस लागतो. वाळल्यावर सपाट गठ्ठा करा.

अर्ध्या लिटरची पिशवी तीनेक ग्रॅमची, म्हणजे किलोला साडेतीनशेच्या आसपास पिशव्या लागतात. एका घराला सहा महिने. कबाड्याचंही बरोबर आहे, पावशेरासाठी त्याचा ठेला थांबत नाही. आठ-दहा घरांनी मिळून जिन्याखाली एक चुंगडी (पोतं) ठेवली तर दर महिन्याला दीड-दोन किलो जमतं आणि तो आपणहून येतो.

त्या चुंगडीत काय घालू नये हे जास्त महत्त्वाचं. चिप्स, बिस्किटं, शॅम्पूच्या पुड्या वेगळ्या ठेवा. आतून चांदीसारखी चमकणारी आणि मुठीत चुरगाळून सोडली की करकर आवाज करत पुन्हा उलगडणारी पुडी दोन-तीन थरांची असते. प्लास्टिकवर धातूचा मुलामा, त्यावर दुसरं प्लास्टिक. थर वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे वितळवून नवं काही होत नाही. त्यातल्या त्यात चांगली विल्हेवाट म्हणजे सिमेंटची भट्टी, जिथे साडेचौदाशे अंशांच्या आसपास ते इंधन म्हणून जळतं. त्यासाठीही कोरडं लागतं. दुधाच्या पिशव्यांत अशा मूठभर पुड्या मिसळल्या तरी अख्ख्या गठ्ठ्याचा भाव पडतो.

पाण्याच्या बाटल्या चेपून हवा काढा आणि झाकण परत लावा. पुनर्वापराच्या कारखान्यात चुरा पाण्याच्या हौदात टाकतात. बाटलीचा चुरा बुडतो, झाकणाचा तरंगतो, दोन्ही आपोआप वेगळे होतात. सुटं झाकण तेवढं वाटेत हरवतं.

प्रश्न : माझा पानठेला आहे. खर्रा पन्नीतच घोटावा लागतो, कागदात घोटला तर फाटतो. दंड होतो म्हणून विचारतो, पन्नीऐवजी काय वापरू? (सतरंजीपुरा)

उत्तर : भाऊ, या प्रश्नाला सोयीचं उत्तर नाही. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, विकण्यावरच राज्यात बंदी आहे, आणि त्यातली नुसती सुपारीसुद्धा तोंडाच्या कर्करोगाचं ठरलेलं कारण आहे, तंबाखू तर आहेच. त्यामुळे दुसरं वेष्टण आम्ही सुचवणार नाही.

पन्नीबद्दल मात्र सांगायला हवं, कारण नागपूरच्या नाल्यांना ती नडते. वीतभर लांब-रुंद पातळ पन्नी एक ग्रॅमचीही भरत नाही. ठेल्यासमोर पडली की गाडीच्या वाऱ्यानं उडते. नालीच्या तोंडाशी दोन बोटांच्या फटीची जाळी असली तरी घडी होऊन आत शिरते. आत चुना, सुपारीचा चोथा आणि लाळ लागलेली असते, त्यामुळे ती ओल्या भिंतीला चिकटते. मग पुढची तिच्यावर. पाइपाच्या सांध्याशी अशा शंभर-दोनशे पन्न्यांचा लगदा झाला की वाळू अडते, आणि वाळू अडली की पहिल्याच सरीला रस्त्यावर पाणी. उपसून काढल्यावर ती धुता येत नाही आणि विकताही येत नाही.

ठेला पानाचा, चहाचा, कशाचाही असो, समोरच्या फळीला झाकणाचा पत्र्याचा डबा बांधा. पंधरा लिटरचा तेलाचा डबा चालतो. वरच्या पत्र्याला मूठ जाईल एवढंच भोक ठेवा. उघड्या तोंडाच्या डब्यातून निम्म्या पन्न्या वाऱ्यानं परत बाहेर येतात. डबा गिऱ्हाइकाच्या हाताच्या उंचीवर हवा, पायाशी ठेवलेल्या डब्यात लोक नेम धरून टाकतात आणि नेम चुकतो.

प्रश्न : आमच्या वस्तीमागून सहा मीटर रुंदीचा नाला जातो आणि पुढे नाग नदीला मिळतो. त्यात तरंगतं कुंपण लावून प्लास्टिक अडवायचं ठरवलं आहे, वर्गणीही जमली. कसं लावावं, काय काळजी घ्यावी? (मानेवाडा परिसरातील रहिवासी)

उत्तर : तुमच्या उत्साहाला बळ मिळावं म्हणूनच आधी धोका सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. अशा वेळी नाल्यात आडवं घातलेलं आणि न सुटणारं कोणतंही कुंपण म्हणजे बांध. वरच्या अंगाच्या घरांत पाणी जाईल. म्हणून पहिलं काम महापालिकेच्या झोन कार्यालयातून लेखी परवानगी घेण्याचं, आणि पहिली अट कुंपण पुरात आपोआप सुटेल अशी.

आता मोजमाप. काठावर दहा मीटरचं अंतर आखा, वरच्या खुणेजवळ एक संत्रं पाण्यात टाका आणि खालच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. संत्रं बरंचसं पाण्याखाली राहून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. थर्माकोलचा तुकडा टाकाल तर वाऱ्याचा वेग मोजाल. पाच वेळा करून सरासरी काढा. वीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. हेच मोजमाप एखाद्या चांगल्या सरीनंतर काठावरून पुन्हा करा.

कुंपण काठापासून काठापर्यंत सरळ आडवं लावायचं नाही. ही चूक सर्रास होते. आडव्या कुंपणावर कचरा मधोमध जमतो, तिथे हात पोचत नाही, आणि पाण्याचा वेग अर्ध्या मीटरच्या वर गेला की तो खालून निसटू लागतो. काठाशी तीस अंशांचा कोन करून तिरपं लावा. मग कुंपणाला काटकोनात लागणारा वेग निम्मा होतो आणि कचरा घसरत घसरत खालच्या टोकाला, एका काठाशी जमतो. तिथेच वेचणारा उभा राहील. सहा मीटरच्या नाल्याला या कोनात बारा मीटरचं कुंपण लागतं, तेवढ्याची तयारी ठेवा. खालचं टोक जिथे गाडी पोचते त्या काठाला हवं. जागा सरळ वाहत्या पट्ट्यातली निवडा, वळणावरची नको, आणि पुढची मोरी किंवा पूल किमान वीस मीटर लांब असू द्या.

तरंगायला ११० मिलिमीटर व्यासाचा पाइप, मीटर मीटरचे तुकडे, दोन्ही टोकांना झाकणं पक्की चिकटवून. असा तुकडा साडेनऊ लिटर पाणी सारतो. पाइपाचं स्वतःचं वजन वजा जाता सातेक किलो तोलतो. त्याखाली तीस सेंटिमीटर खोल जाळीची झालर, एक इंची भोकांची, आणि झालरीच्या तळाशी मीटरला किलोभर वजनाची साखळी. साखळी नसली तर झालर प्रवाहात आडवी तरंगते आणि सगळं खालून जातं. पाणी जेमतेम वीतभर असेल तर झालर तेवढीच आखूड करा, तळाला घासता कामा नये. सगळे तुकडे ८ मिलिमीटरच्या वायररोपवर ओवा.

जोर किती येतो? कचऱ्यानं पूर्ण भरलेल्या अशा कुंपणावर पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असताना साधारण १३० किलोचा जोर, २ मीटर असताना ५०० किलोच्या वर, ३ मीटरला ११०० च्या वर. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. शिवाय दोर जितका ताठ तितका टोकांवरचा ताण जास्त. कुंपणाच्या लांबीच्या आठव्या हिश्श्याइतका, म्हणजे तुमच्याकडे दीड मीटर, झोल ठेवलात तर प्रत्येक टोकाला साधारण एकूण जोराएवढाच ताण येतो. दिसायला नीट म्हणून दोर ओढून झोल विसाव्या हिश्श्यावर आणलात तर तो अडीच पट होतो आणि काठावरचा खुंटा उपटून येतो. विजेचा खांब, झाड किंवा कुणाच्या कुंपणाची भिंत खुंटा म्हणून वापरू नका.

वरच्या अंगाचं टोक काँक्रीटच्या ठोकळ्यात कायमचं पक्कं करा. खालच्या टोकाला मुद्दाम एक कमजोर दुवा ठेवा. ६ मिलिमीटरची नवी पॉलिप्रोपिलीन दोरी अर्ध्या टनाच्या वर तुटते, पण गाठ मारली की ताकद जवळपास निम्मी होते. म्हणजे अडीच-तीनशे किलोला, पाण्याचा वेग दीड मीटरच्या आसपास गेला की ती सुटेल आणि कुंपण वरच्या टोकाला लटकून काठाशी जाऊन लागेल. लावण्याआधी त्याच दोरीचा गाठ मारलेला तुकडा तोडून तपासा. उन्हात ही दोरी वर्षभरात कुजते, दर जूनला नवी बांधा.

जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरींत सगळ्यात जास्त प्लास्टिक येतं, आठ महिने नाल्यांत साचलेलं एकदम. म्हणून त्या वेळी कुंपण हवंच. मात्र नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की कमजोर दुव्यावर न विसंबता दिवसाउजेडी खालचं टोक स्वतः सोडा. हे काम कोणाचं, हे नावानिशी ठरवून ठेवा. 'सगळ्यांचं' म्हटलं की रात्री कोणी जात नाही.

रोज वेचायची तयारी नसेल तर कुंपण लावू नका, हे अगदी कळकळीनं सांगतो. दोन दिवस साचलं की जलपर्णी, नारळ आणि निर्माल्य यांचा जाड थर होतो, डास वाढतात आणि मागचा कचरा खालून वाट काढतो. लांब दांड्याची जाळी, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट. ओढून काढलेल्यात सुया आणि काच असते. पायाला जखम असेल त्यानं त्या दिवशी जायचं नाही, अशा पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण होते. झाकलेल्या नाल्यात किंवा मोरीच्या आत कोणीही, कशासाठीही शिरायचं नाही. तिथल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो.

शेवटी हिशेब. काढलेला माल काठावर ताडपत्रीवर दोन-तीन दिवस वाळवून झटकला की त्यातलं बरंचसं वजन पाणी आणि मातीचं होतं हे कळतं. बाटल्या आणि कडक डबे विकले जातील, पन्न्या बहुतेक नाहीत. त्याच वर्गणीतला काही भाग वरच्या अंगाच्या दुकानांपाशी झाकणाच्या डब्यांवर आणि दूध-पिशव्यांच्या चुंगड्यांवर घातलात तर कुंपणावर येणारं ओझंच कमी होईल. आमच्या मते सुरुवात तिथून करावी आणि कुंपण दुसऱ्या वर्षी घालावं.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. ठोक व्यापारी सांगतो, '१२० मायक्रॉनची आहे, बिनधास्त वापरा.' वापरू का? (इतवारी)

उत्तर : नाही. १२० मायक्रॉन ही केंद्राची किमान जाडी, ३१ डिसेंबर २०२२ पासूनची. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं सामान नेण्याच्या प्लास्टिक पिशव्यांवर जाडी न बघता बंदी आहे. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

आणि ती १२० ची असते का, हे तराजूवर कळतं. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या १२० मायक्रॉनच्या पिशवीचं वजन २६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. दहा पिशव्या ठेवा, पाव किलोच्या वर काटा गेला पाहिजे. शंभर ग्रॅमवरच थांबला तर ती पन्नासचीही नाही.

प्रश्न : 'विघटनशील' असं छापलेली हिरवी पिशवी नाल्यात गेली तर विरघळते ना? (धरमपेठ)

उत्तर : विरघळत नाही. खरी कंपोस्ट होणारी पिशवीसुद्धा ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या, ओलसर, हवा खेळत्या खतढिगात काही महिन्यांत मोडते. नाल्याच्या गाळात ना तेवढी उष्णता ना हवा. खऱ्या पिशवीवर आयएस १७०८८ या मानकाचा उल्लेख आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. नुसतं झाडाचं चित्र असेल तर ती साधी पन्नी समजा. आणि ही पिशवी दुधाच्या पिशव्यांच्या चुंगडीत घालू नका, तो गठ्ठा बिघडतो.

प्रश्न : हिवाळ्यात आमच्याकडे पानांबरोबर पन्न्याही जाळतात. नाल्यात जाण्यापेक्षा बरं नाही का? (नंदनवन)

उत्तर : नाही. उघड्यावर प्लास्टिक अर्धवट जळतं, काजळी आणि विषारी वायू खालच्या हवेतच राहतात, आणि हिवाळ्यात तर धूर वर चढतच नाही. वायरीचं आवरण, जुने पाइप, रेक्झिन यांत क्लोरीन असतं, त्यातून आम्ल आणि डायॉक्सिनं निघतात. उरलेली काळी ढेकळं पावसात त्याच नाल्यात जातात. पानांचा ढीग निराळा ठेवा, त्याचं खत होतं.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांना तलावाच्या पाण्यातलं सूक्ष्मप्लास्टिक दाखवायचं आहे. शाळेतल्या सामानात जमेल का? (शिक्षक, सदर)

उत्तर : सर, जमेल. नाग नदीचं पाणी घेऊ नका, त्यात सांडपाणी आहे. तलावाचं चालेल, आणि ते मोठ्यांनी काढायचं.

दहा लिटरची स्टीलची बादली, दहा वेळा, म्हणजे शंभर लिटर पाणी मैदा चाळायच्या स्टीलच्या बारीक चाळणीतून ओता. चाळणीवर उरलेलं थोड्या गाळलेल्या पाण्यानं काचेच्या बरणीत धुऊन घ्या. लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवा आणि ते मिठाचं पाणी आधी गाळण कागदातून गाळा, कारण मिठातही कण असतात. ते बरणीत ओतून ढवळा, झाकून रात्रभर ठेवा. वाळू तळाशी बसेल, हलकं वर येईल. वरचं पाणी हळूच गाळण कागदावर घ्या, काचेच्या बशीत झाकून वाळवा आणि दहापट भिंगाखाली बघा.

निळे-लाल दोरे दिसले तर ते बहुधा कपड्यांचे. सपाट पातळ तुकडे पन्नीचे, पांढरे गोल मणी थर्माकोलचे. शंका आली तर सुई तापवून कणाजवळ न्या. प्लास्टिक वितळून आक्रसतं, गवताचा तुकडा काळा पडतो, वितळत नाही. सुई शिक्षकांनीच धरायची.

हा प्रयोग फसतो तो मुलांच्या कपड्यांमुळे. त्या दिवशी सगळ्यांनी सुती कपडे घालावेत, पंखा बंद ठेवावा, आणि दुसऱ्या बरणीत नुसतं गाळलेलं पाणी घेऊन तीच सगळी कृती करावी. त्या कोऱ्या बरणीत पाच दोरे निघाले तर तलावाच्या आकड्यातून पाच वजा. मुलांना हेही सांगा की या मिठाच्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते. त्यामुळे पन्नी, झाकणं, नायलॉन वर येतात, पण पाण्याच्या बाटलीचे कण तळाच्या वाळूतच राहतात. आपण मोजलं त्याहून तलावात जास्त आहे.

प्रश्न : आम्ही आंभोऱ्याच्या बाजूला मासेमारी करणारे ढिवर. जाळ्यात मासोळीबरोबर पन्नी येते, ती सोडवताना जाळं फाटतं. फाटकं जाळं पाण्यातच सोडून देतात काही जण. त्यानं काय होतं? (कुही तालुका)

उत्तर : दादा, नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून सुटलेलं जाळं खाली जातं, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांना अडकतं आणि मासे धरतच राहतं. अडकलेला मासा मरतो, त्याला खायला दुसरा येतो, तोही अडकतो. तुमचीच मासोळी जाते, कोणाच्या डोंग्यात न येता.

फाटकं जाळं काठावर आणून उन्हात कडक वाळवा. शिसं आणि बोये कापून घ्या, ते नव्या जाळ्याला चालतात. नायलॉनची जाळी एका गठ्ठ्यात, काठाचा तरंगणारा दोर दुसऱ्यात. दोन्ही एकत्र असले की कबाडी घेत नाही. वांग्या-मिरच्यांच्या वाफ्याभोवती हे जाळं लावू नका, धामण आणि पाखरं त्यात अडकून मरतात.

जाळ्यात आलेली पन्नी परत पाण्यात टाकू नका, डोंग्यात एक चुंगडी बांधून ठेवा आणि ओली तीत कोंबा. मोठं काम मात्र उन्हाळ्याकडे करा. धरणाचं पाणी उतरत जातं तशी काठावर पन्न्या-बाटल्यांची एक ओळ राहते, आठवड्यानं खाली दुसरी. ती वाळलेली असते, माती झटकली की निघते. तेव्हा डोंगा लागत नाही, जाळं फाटत नाही, आणि चार माणसं सकाळच्या दोन-तीन तासांत एक लांब पट्टा साफ करतात.